कडूआयची करवंटी

तुमच्या पणजीच्या पणजीनं पहिलं लुगडं नेसलं असेल, त्याच्याही आधीची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी तळेकोंड नावाचं गाव होतं. आजही आहे, गेलात तर दिसेल. गावाला मोठं तळं होतं, तळ्याच्या काठानं सातविणीची झाडं होती, आणि पाऊस सरला की गावात हिव यायचं. हिव म्हणजे थंडीताप. आज माणूस गोधडीखाली दातांवर दात आपटत पडायचं, उद्या उठून भात कापायला जायचं, आणि परवा पुन्हा आडवं व्हायचं. असं करता करता डोळे पिवळे पडायचे, पोटात डाव्या अंगाला पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगून दगडासारखी लागायची, आणि तापाच्या अशाच एका पाळीला ते माणूस उठायचं नाही. काही वर्षं तर अशी गेली की भात शेतात पिकून उभं राहिलं आणि कापणारेच राहिले नाहीत, असं म्हणतात.

आता शाळेतलं पोरसुद्धा सांगेल की हा सगळा डासांचा उद्योग. पण तेव्हा डासाला कोण विचारतो? डास चावायचा, माणूस थप्पड मारायचं, आणि दोघांचं भांडण तिथंच मिटायचं. गावाचा संशय होता सातविणीवर. गावाचं फार चुकलं असंही मी म्हणणार नाही. सातवीण फुलते कधी, तर पाऊस सरल्यावर. तिचा वास सुटतो दिवस मावळल्यावर, आणि तो असा जड की माणसानं डोकं धरून बसावं. वास सुटला की पाठोपाठ हिव यायचं, दरवर्षी, न चुकता. मग झाडावर भूत आहे आणि त्याच्या श्वासानं ताप येतो, असं ठरायला कितीसा वेळ लागणार? बाया तळ्यावर पाण्याला जाताना पदर नाकाला लावायच्या. त्या झाडांखाली गुरंसुद्धा बांधत नसत.

ह्या गावात आवडा नावाची एक कुणबीण होती. नवरा तरुणपणीच गेला होता. घरात ती आणि तिची मुलगी सुंद्री, दोघीच. ही आवडा हिवाचं औषध द्यायची. सासूनं मरताना ते तिच्या हवाली केलं होतं, सासूला तिच्या सासूनं, आणि त्यामागचं कुणाला ठाऊक नाही.

औषध कशाचं होतं? त्याच सातविणीचं. ज्या झाडाला गाव भीत होतं, त्याचीच साल गावाच्या पोटात जात होती. आवडा पाखरं जागी व्हायच्या आधी उठायची, केस मोकळे सोडायची आणि तळ्याकडे निघायची. जाताना येताना कुणाशी बोलायचं नाही. झाडाला लोखंड लावायचं नाही. दगडाच्या धारदार कपरीनं तळहाताएवढी साल काढायची आणि त्या जागी लगेच ओली माती थापायची, म्हणजे झाडाची जखम भरून येते. घरी येऊन दार लावायचं, साल ठेचून रस काढायचा, पांढरी गारगोटी चुलीत लाल होईतो तापवून त्या रसात विझवायची, वर थोडा ओवा आणि मिरी. मग तो रस करवंटीत घेऊन आजाऱ्याच्या घरी जायचं, पहिला घोट आपण प्यायचा आणि उरलेला त्याला पाजायचा. रस इतका कडू, की पिणारं माणूस आधी आवडाला शिव्या द्यायचं आणि मग गिळायचं.

सासूनं सगळं शिकवलं आणि शेवटी एक गोष्ट बजावली होती.

"पोरी, झाडाचं नाव जिभंवर आनू नको. नाव सांगितलंस की गुन गेला. मग ते नुसतं कडू पानी."

आवडानं ते काळजात धरून ठेवलं. लोक विचारायचे, कशाचं गं हे? ती म्हणायची, रानातलं. लोकांना तेवढं पुरायचं. तिला औषधाचा गर्व नव्हता. तिला भीती होती. एका शब्दानं गुण जाईल आणि गावातली पोरं आपल्या तोंडामुळे मरतील, ह्या भीतीनं ती झोपेतसुद्धा ओठ मिटून निजायची, असं म्हणतात.

आणि गंमत बघा. झाडांच्या अंगावर तिनं थापलेले मातीचे ठसे लोकांना दिसायचे. लोक म्हणायचे, रात्री भूत खाली उतरतं आणि बुंध्याला हात पुसतं. ही गोष्ट पाणवठ्यावर रंगायची तेव्हा आवडा तिथंच हंडा घासत असायची आणि पदराआड हसायची. पुढं त्या हसण्याचं तिला किती वाईट वाटणार होतं, ते तेव्हा तिला कुणी सांगितलं नाही.

एक मात्र खरं सांगायला हवं, कारण गाव ते सांगत नाही. गाव म्हणतं, कडूआयच्या, म्हणजे ह्याच आवडाच्या, हातचं औषध कधी वाया गेलं नाही. हे खोटं आहे. पुष्कळ माणसं त्यानं उठली आणि पुष्कळ उठली नाहीत. एकाच घरात एकाच करवंटीतून दोघांना पाजावं, एकानं चार दिवसांत नांगर धरावा आणि दुसऱ्याला पोचवायला जावं लागावं, असं व्हायचं. का, ते आवडाला कळत नव्हतं. ती घरी येऊन जेवत नसे एवढंच.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. तळं काठोकाठ भरून शेतांत शिरलं, वाटांवर डबकी साचली. आणि सातविणी अशा फुलल्या की पान दिसेना. दिवसासुद्धा वास येऊ लागला. घराघरांत माणसं पडली. तळेकोंडात त्या पंधरवड्यात एकही चूल सलग दोन वेळा पेटली नाही, असं म्हणतात.

गावचे मानकरी रावजी गावकर. त्यांचे दोन्ही मुलगे पडले. आवडानं दोघांना औषध दिलं. धाकटा म्हादू उठला. थोरला, लग्न ठरलेला, चौथ्या पाळीला गेला. रावजी त्या दिवसापासून कुणाशी धड बोलेनासे झाले. अंगणात बसायचे आणि तळ्याकडे बघत राहायचे.

आणि मग सुंद्रीला हिव आलं. नऊ-दहा वर्षांची पोर, पायात भोवरा असल्यासारखी हिंडणारी, ती आईच्या मांडीवर मुडपून पडली. आवडानं औषध केलं. करवंटी तोंडाशी नेली की सुंद्री मान फिरवायची, रडायची.

"आये, कडू हाय."

"कडू हाय म्हंजे गुन हाय," आवडा म्हणायची. "घोट घे."

सुंद्री घोट घ्यायची आणि पुन्हा म्हणायची, कडू हाय. तिला तापाची पहिली पाळी आली, दुसरी आली. दुसरीला थंडी कमी वाजली. आवडाला वाटलं, आपली पोर उठणार. तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. गावात कोण राहिलं, कोण गेलं, ते ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

त्याच दिवसांत रावजी गावकरांनी वाघजाईच्या देवळात गाव जमवला. म्हणाले, वास येतो आणि हिव येतं, मग झाडं ठेवायची कशाला? देवीला कौल लावू. तळेकोंडात कुठलीही मोठी गोष्ट कौलाशिवाय होत नसे. गुरवानं देवीच्या अंगाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पाकळी पडली तर झाडं तोडायची, डावी पडली तर ठेवायची. सगळे श्वास धरून बघत बसले. उजवी पडली. ओली पाकळी ती, वाळली की कुठली तरी पडणारच. पण देवीनं सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. दिवाळीच्या आत झाडं जमिनीवर यायला हवीत, असं ठरलं.

आवडा देवळाच्या पायरीशी उभी होती. तिला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण घरी सुंद्री होती, आणि परवा तिची पाळी होती, आणि परवाच्या करवंटीत गुण असायला हवा होता. आत्ता नाव उच्चारलं तर परवा मी माझ्या पोरीला पाणी पाजीन, असं तिच्या मनात आलं. तिनं तोंड मिटलं आणि घरी गेली. एखादं झाड राहील, सगळी कशाला तोडतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आपणही अशीच घालतो.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी चालल्या. आवडा दार लावून बसली होती, पण घाव ऐकू येत होते. प्रत्येक घावाला झाडातून पांढराशुभ्र चीक उसळत होता. तो काठावरून वाहत तळ्यात उतरला आणि संध्याकाळपर्यंत अख्खं तळं दुधासारखं पांढरं झालं. बेडकं गप्प झाली. तोडणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले आणि ते डाग पुढं मरेपर्यंत गेले नाहीत, असं म्हणतात. झाडं पडली, पण वास काही जाईना. आडव्या पडलेल्या झाडांची फुलं तशीच दरवळत राहिली. आणि ज्याची ज्या दिवशी पाळी होती, त्याला त्या दिवशी हिव आलंच. गाव म्हणालं, एक झाड उरलंय ना, ते घाटाकडचं थोरलं. भूत आता तिथं जाऊन बसलंय.

नरकचतुर्दशीची पहाट होती. घरोघरी न्हाणं चाललेलं असायचं, त्या वेळेला गाव कुऱ्हाडी घेऊन तळ्यावर गेलं. आवडा साल आणायला आधीच तिथं पोचली होती. आदल्या दिवशी तिनं घाव ऐकले होते, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पडलेल्या झाडांमधून चालताना तिचे पाय चिकात चिकटत होते. थोरल्या झाडाशी ती पोचते, तोच समोरून माणसं आली. रावजींनी कुऱ्हाड उचलली. आवडा बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"आवडे, बाजूला हो," रावजी म्हणाले. "देवीचा कौल हाय."

"गावकरदादा, मी तुमाला पाजते ते ह्याच झाडाचं," आवडा म्हणाली. "सातविनीचं."

शब्द बाहेर पडला. तिला वाटलं आभाळ खाली येईल. काहीच झालं नाही. एक पाखरू ओरडलं, तेवढंच.

रावजींची कुऱ्हाड हळूहळू खाली आली.

"माज्या म्हादूला ह्येच पाजलंस?"

"व्हय."

"आनि थोरल्याला?"

"त्यालाबी."

"मग ह्यानं तारलं का मारलं?"

"मला ठावं नाय," आवडा म्हणाली. "सासू देत हुती, म्हनून मी देते. कुनी उठतं, कुनी उठत नाय. पर ह्येच्याबिगर तर कुनीच उठायचं नाय, असं मला वाटतं."

खोटं बोलली असती तर सुटली असती, असं मला नेहमी वाटतं. ह्यानं कुणी मरत नाही, देवीची शपथ, असं म्हणाली असती तर गाव मागं सरलं असतं. पण तिला जे ठाऊक नव्हतं ते ती ठाऊक आहे असं म्हणाली नाही. मागून कुणीतरी बोललं, भुताचं झाड आमच्या पोरांना पाजलंन हिनं. दुसरं म्हणालं, ते मातीचे हात हिचेच. लोक पुढं सरकले.

रावजींनी हात वर केला. त्यांचे डोळे कोरडे होते. ते म्हणाले, "तुज्या सुंद्रीला हितं आन. समद्यांच्या म्होरं पाज. ती उठली तर झाड ऱ्हाईल."

आवडानं साल काढली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग सुंद्रीला गोधडीत गुंडाळून घेऊन आली. पाळीचा दिवस होता, पोर पेटलेल्या चुलीसारखी तापली होती. तिथंच तीन दगडांची चूल मांडली, साल ठेचली, गारगोटी तापवली. गाव गोल करून बघत होतं. आवडानं पहिला घोट घेतला. तिला कडू लागलं. मग तिनं करवंटी सुंद्रीच्या ओठांशी नेली.

सुंद्रीनं ह्या वेळी मान फिरवली नाही. सगळं प्यायली. मग डोळे न उघडताच म्हणाली,

"आये, आज कडू नाय."

आवडाच्या हातातली करवंटी पडली. तापानं पोरीची जीभ मेली होती, हे आज तुम्हांआम्हांला कळतं. आवडाला तेव्हा एकच कळलं, की सासूचं खरं होतं. नाव सांगितलं आणि गुण गेला. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि तिच्या कानात सारखी म्हणत राहिली, कडू हाय गं बाय, कडू हाय. ऊन तळ्यावर आलं तेव्हा सुंद्री गेली.

 रावजींनी पुन्हा कुऱ्हाड उचलली. आणि तेवढ्यात त्यांची बायको वाटेनं धावत आली. तिच्या खांद्यावर म्हादू होता आणि तो असा थरथरत होता की तिचे हातही हलत होते. बरा झालेल्या पोराला हिव उलटून आलं होतं. ती माउली रावजींकडे गेलीच नाही. सरळ आवडापुढं बसली आणि पोर तिच्यापुढं ठेवलं. आवडाच्या मांडीवर तिची मेलेली लेक होती.

आवडा किती वेळ तशीच बसली, ते कुणाला आठवत नाही. मग तिनं सुंद्रीला गोधडीवर नीट निजवलं, दगडाची कपरी उचलली आणि झाडाकडे वळली. आणि ज्या बाईनं सगळी हयात ओठ मिटून काढली, ती मोठ्यानं बोलू लागली. ही सातवीन, ती म्हणाली. हिला लोखंड लावू नका. साल तळहाताएवढीच घ्या, समद्या बाजूंनी सोलू नका, न्हायतर झाड मरंल. माती अशी थापा. गारगोटी अशी विझवा. ती सांगत होती, करत होती, आणि गाव ऐकत होतं. शेवटी तिनं करवंटी म्हादूच्या आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "आदी तू पी."

हे तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर आवडा कुणाशी एक शब्द बोलली नाही.

म्हादू उठला. नाव सगळ्या गावासमोर सांगून झालं होतं, गुण जायचा तर गेलेला होता, तरी म्हादू उठला. पुढं आणखी पुष्कळजण उठले. गाव आनंदलं आणि आवडाच्या पाया पडू लागलं. पण विचार करा, तिच्या घरात काय उरलं. म्हादू मेला असता तर तिला निदान कारण मिळालं असतं, की मी बोलले म्हणून माझी पोर गेली. म्हादू उठला आणि तेही कारण गेलं. बोलण्यानं काहीच जात नव्हतं. म्हणजे ती देवळाच्या पायरीवर बोलू शकली असती. पाणवठ्यावर हंडा घासताना बोलू शकली असती. झाडं उभी राहिली असती, सुंद्री त्या दिवशी घरात गोधडीखाली असती, थंडगार पहाटे तळ्यावर नसती. तरी वाचली असती का? हेही तिला कुणी सांगू शकलं नाही. हा प्रश्न घेऊन ती म्हातारी झाली. दर पहाटे साल काढायची, ज्याच्या त्याच्या दारात करवंटी ठेवायची आणि पोर पिईपर्यंत तिथंच बसून त्याच्या तोंडाकडे बघायची. पोरानं तोंड वाकडं केलं, थू थू केलं, रडलं, की उठून जायची. गावातली पोरं तिला कडूआय म्हणू लागली ती तेव्हापासून.

आणि एका नरकचतुर्दशीच्या पहाटे ती तळ्याकडे गेली ती परत आली नाही. लोक शोधायला गेले तर झाडाखाली तिची करवंटी होती, भरलेली, आणि रस अजून कोमट होता. आवडा कुठंच नव्हती. झाडाच्या बुंध्यावर मात्र सालीत हातांचे दोन ठसे उमटले होते, एक बाईचा आणि त्याच्या शेजारी एक लहान पोरीचा. ते अजून आहेत, असं म्हणतात. मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. मला एकच हात दिसला, मोठा. गावातल्या म्हातारीनं मला हाताला धरून दुसरा दाखवला, मी बरं म्हटलं.

आता तळेकोंडात ताप आला की आरोग्यसेविका बोटाला टोचून रक्ताचा थेंब नेते आणि गोळ्या देते, आणि ते बरंच आहे. शहरात म्हणे शिकलेली माणसं असल्या साली उकळून बघतात, ह्यात काय आहे, कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, ते शोधतात. शोधोत. आवडालाही तेच हवं होतं.

पण नरकचतुर्दशीला न्हाणं व्हायच्या आधी अख्खं गाव त्या झाडाखाली जमतं. साल काढणारा आधी मोठ्यानं झाडाचं नाव घेतो, आणि मागून सगळं गाव घेतं, नुकतं बोलायला लागलेलं पोरसुद्धा. नाव न घेता तिथं सालीला हात लावलेला चालत नाही. मग पहिली करवंटी गावकरांच्या घरच्या बाईनं प्यायची आणि ती पुढं फिरवायची. पिऊन झालं की ज्यानं त्यानं झाडाकडे तोंड करून सांगायचं, "आये, कडू हाय." म्हातारे सांगतात, नव्या नवऱ्या सांगतात, पोरं रडत रडत सांगतात. तिला ऐकू जायला हवं म्हणून ओरडूनच सांगतात.

सगळ्यांचं झालं की एक करवंटी काठोकाठ भरतात. ती सुंद्रीची. ती मुळाशी ओततात, आणि तेव्हा मात्र कुणी काही बोलत नाही.